सातचा आकडा आणि शेवटचं अक्षर

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही नवरा-बायको सांगलीत लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय करतो. हे कॅमेरा सांभाळतात. मिक्सिंग आणि करिष्मा अल्बमचं काम घरी बसून मी करते. आमचा जुना कॉम्प्युटर आता दमलाय. तीन तासांची फिल्म एक्स्पोर्टला, म्हणजे तयार फाइल बनवायला, लावली की अख्खी रात्र जाते. यंदा भिशी लागली, त्या पैशात लॅपटॉप घ्यायचं ठरलंय. दुकानात दोन बाजूला काढून ठेवायला सांगितलेत. एकात इंटेल कोर आय ७-१२५५यू प्रोसेसर आहे, दुसऱ्यात आय ५-१२५००एच. दोन्हींत १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड कशातच नाही. आय ७ वाला तीन हजारांनी महाग आहे. दुकानदार म्हणतो, "सात तो सात, पाच तो पाच." ह्यांचंही तेच मत, एकदाच घ्यायचा तर मोठा घेऊ. इंजिनीअरिंगला असलेला माझा भाचा मात्र म्हणतो, "मावशी, आय ५ घे." नेटवर पाहिलं तर एका चाचणीत आय ७ पुढे, दुसरीत आय ५. खरं कोणाचं मानायचं?
— एक वाचक, सांगली

ताई, नमस्कार.

भाच्याचं ऐका. तुमच्या कामाला या दोघांत आय ५-१२५००एच पुढे आहे, आणि चांगलाच पुढे आहे. पण भिशीचे पैसे तुमचे आहेत, ते माझ्या किंवा भाच्याच्या शब्दावर देऊ नका. दुकानात तासभर बसून स्वतः मोजा, मग द्या. कसं मोजायचं ते पुढे लिहिलंय. त्याआधी दुकानदाराच्या वाक्यात चूक कुठे आहे ते सांगते, कारण पुढच्या खरेदीच्या वेळीही हेच वाक्य तुमच्या कानावर येणार आहे.

"सात तो सात" हे एकाच पिढीत आणि एकाच गटात बहुतेक वेळा खरं असतं. गट बदलला की त्याचा अर्थ उरत नाही. नावातली कामाची माहिती सात आणि पाचच्या पुढे असते. सुरुवातीचे १२ म्हणजे बारावी पिढी. तुमचे दोन्ही प्रोसेसर त्याच पिढीचे, २०२२ च्या सुरुवातीला आलेले. आतले कोर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, तेही एकाच घडणीचे, त्यामुळे दोघांची तुलना सरळ करता येते. फरक शेवटच्या अक्षरात आहे. यू म्हणजे पातळ, हलक्या, जास्त वेळ बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी. त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट. एच म्हणजे जड कामाच्या लॅपटॉपसाठी. मर्यादा ४५ वॅट.

आता आत काय आहे ते पाहा. या पिढीत इंटेलने दोन प्रकारचे कोर एकत्र बसवले : मोठे, ताकदीचे, आणि छोटे, कमी विजेवर चालणारे. आय ७-१२५५यू मध्ये मोठे कोर २ आणि छोटे ८. आय ५-१२५००एच मध्ये मोठे ४ आणि छोटे ८. मोठा कोर एका वेळी कामाच्या दोन ओळी, म्हणजे दोन धागे (थ्रेड), हाताळतो, छोटा एकच. म्हणून आय ७ चे एकूण १२ धागे होतात आणि आय ५ चे १६. प्रोसेसरच्या पोटातली, लागणारी माहिती हाताशी ठेवणारी कॅश मेमरी आय ७ मध्ये १२ एमबी, आय ५ मध्ये १८ एमबी. म्हणजे पाटी सातची असली तरी मोठे कामकरी त्याच्याकडे निम्मेच आहेत.

मग पत्रकावर आय ७ चा वेग ४.७ गिगाहर्ट्झ आणि आय ५ चा ४.५ कसा? तो आकडा खोटा नाही. पण तो वेग एखाद्या-दुसऱ्या मोठ्या कोरला, चिप थंड असताना, थोडा वेळ मिळतो. सांगलीहून मिरजेला आधी कोण पोचेल असं विचारलं तर उत्तर मोटारसायकल. दोन ट्रॉल्या ऊस कारखान्याच्या गेटवर न्यायचा असेल तर मोटारसायकलचा वेग कोणी विचारतही नाही. तुमचं एक्स्पोर्ट म्हणजे ऊस आहे. त्या वेळी सगळे कोर एकदम जुंपलेले असतात आणि तासन्‌तास जुंपलेले असतात. अशा वेळी पत्रकावरच्या दुसऱ्या, बारीक अक्षरातल्या आकड्याकडे बघायचं. मूळ वीजमर्यादेत मोठ्या कोरचा मूळ वेग आय ७-१२५५यू मध्ये १.७ गिगाहर्ट्झ आहे आणि आय ५-१२५००एच मध्ये २.५. छोट्या कोरचा १.२ आणि १.८.

सगळी गोम उष्णतेत आहे. चिप जितकी वीज ओढते तितकी उष्णता बाहेर टाकावी लागते. १२५५यू थोड्या वेळासाठी ५५ वॅटपर्यंत उसळी मारू शकतो, १२५००एच ९५ पर्यंत. ही उसळी काही सेकंदांची. फार तर मिनिटभराची. मग लॅपटॉप चिपला आवरतो आणि ती त्या लॅपटॉपच्या सततच्या मर्यादेवर येऊन स्थिरावते. ही सततची मर्यादा लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, हे नीट लक्षात घ्या. पंखा मोठा आणि तांब्याची नळी जाड असेल तर १२५५यू लाही १५ पेक्षा जास्त वॅट मिळू शकतात. आणि अंग फार पातळ असेल तर १२५००एच चाही श्वास कोंडतो. म्हणून कोणी मला नुसतं "हा प्रोसेसर कसा आहे" असं विचारलं की मी उलट विचारते, कुठल्या लॅपटॉपमधला?

मला हा धडा घरातच मिळाला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका ठरावीक फाइलचं रेंडर, म्हणजे चित्रं तयार करण्याचं काम, नऊ मिनिटांत व्हायचं. एका उन्हाळ्यात त्याला सोळा मिनिटं लागायला लागली. मी सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, विंडोजही नव्याने टाकलं, काही फरक पडेना. शेवटी मागचं झाकण उघडलं तर पंख्याच्या जाळीत धुळीचा जाड थर बसलेला. ब्रशने जाळी साफ केली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, आणि वेळ परत नऊ-साडेनऊ मिनिटांवर आला. प्रोसेसर तोच होता, नुसता श्वास मोकळा झाला होता. तेव्हापासून मी प्रोसेसरच्या नावावर भांडत नाही, घड्याळ लावते.

नेटवरच्या उलटसुलट निकालांचं कोडंही इथेच सुटतं. गीकबेंच ही चाचणी छोट्या-छोट्या कामांची बनलेली आहे आणि दोन कामांच्या मध्ये ती थोडी थांबते. त्या विश्रांतीत चिप थंड होते, त्यामुळे उसळी मारणाऱ्या यू प्रोसेसरला ती मानवते. शिवाय तिचा एका कोरचा आकडा वेगळा दिलेला असतो, आणि त्यात ४.७ वाला आय ७ ४.५ वाल्या आय ५ च्या थोडा पुढे दिसला तर त्यात नवल नाही. सिनेबेंच आर २३ मात्र एक चित्र सगळ्या कोरवर रेंडर करतं आणि नेहमीच्या सेटिंगला दहा मिनिटं न थांबता चालतं. त्यात पहिल्या मिनिटाची हुशारी दहाव्या मिनिटाला टिकते का ते उघडं पडतं. तिथे १२५००एच साधारण दीडपट किंवा त्याहून जास्त काम उरकतो. नेमकं किती ते लॅपटॉपवर ठरतं. दोन्ही चाचण्या प्रामाणिक आहेत, पण त्या वेगवेगळे प्रश्न विचारतात, आणि तुमचा प्रश्न दुसरीच्या जवळचा आहे.

गिगाहर्ट्झवरून वेग ठरवण्याची सवय आपल्याला कशी लागली, तेही थोडक्यात सांगते. २००० च्या नोव्हेंबरात इंटेलचा पेंटियम ४ प्रोसेसर आला तो १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झचा. त्याआधीचा पेंटियम ३ तेव्हा १ गिगाहर्ट्झवर होता. कागदावर नवा दीडपट, पण कित्येक कामांत जुना त्याच्या बरोबरीने चालायचा, काहींत पुढेही जायचा. कारण नव्यात सेकंदाला ठोके जास्त पडत, पण एका ठोक्यात होणारं काम कमी होतं. पुढे २००४ पर्यंत पेंटियम ४ थेट ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला, आणि २००६ मध्ये इंटेलनेच आणलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या कोर २ डुओने त्याला मागे टाकलं. वेग म्हणजे सेकंदाला पडणारे ठोके गुणिले एका ठोक्यात होणारं काम. यातला एकच आकडा दाखवून कोणी विकत असेल तर दुसरा विचारायचा.

तरी कोर जास्त म्हणजे काम तितक्या पटीने लवकर, असंही समजू नका. हे पुरणपोळीसारखं आहे. लाटायला चार जणी बसल्या तर पोळ्या भराभर होतात, पण डाळ शिजायला कुकरच्या जितक्या शिट्ट्या लागतात तितक्या लागतातच. समजा एका कामाला दहा मिनिटं लागतात. त्यातली सहा मिनिटं वाटून देता येतात आणि चार मिनिटं एकट्यानेच करावी लागतात. हात दुप्पट केले तर सहाची तीन होतील, चारची चारच राहतील. एकूण सात. पाच नव्हे. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हा हिशोब मांडला. म्हणूनच तुमच्याच एका कामात १२५००एच खूप पुढे दिसेल आणि दुसऱ्यात जेमतेम. फिल्मला कलर देऊन एक्स्पोर्ट करणं बऱ्यापैकी वाटून देता येतं. फोटोशॉपमध्ये अल्बमचं पान उघडणं, एखादा साधा फिल्टर लावणं, टायटल टाइप करणं यात एक-दोन कोरच राबतात, आणि तिथे तुमचा आय ७ अजिबात मागे पडणार नाही.

कॉम्प्युटर बनवणाऱ्यांमध्येही हे भांडण जुनं आहे. प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा पुढे करायचा. १९८८ मध्ये अपोलो, एचपी, मिप्स आणि सन या चार कंपन्यांनी मिळून स्पेक नावाची संस्था काढली आणि सगळ्यांनी एकाच मापाने मोजायचं ठरवलं. ते माप म्हणजे लोक खरोखर वापरतात तशा प्रोग्रॅमना किती वेळ लागतो ते. त्यांच्या २०१७ च्या संचात एक्स २६४ हा प्रोग्रॅमही आहे, म्हणजे तुमच्या रोजच्या कामासारखंच व्हिडिओ एन्कोडिंग. तुमच्याकडे तर याहून चांगली चाचणी तयार आहे : तुमचंच एक लग्न.

आता दुकानात काय करायचं ते. घरून निघताना एखाद्या जुन्या लग्नाचा पाच-सहा मिनिटांचा टीझर, त्याचं सगळं मूळ फुटेज आणि प्रोजेक्ट फाइल बाहेरच्या एसएसडीवर घ्या. साध्या पेन ड्राइव्हवरून चालवू नका. तो इतका मंद असतो की मोजायला गेलात प्रोसेसर आणि मोजलात पेन ड्राइव्ह, असं होईल. दुकानात गेल्यावर ते सगळं लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हवर कॉपी करा. दोन्ही लॅपटॉप चार्जरला लावलेले हवेत, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये दोन्हीकडे सर्वात वेगाचा पर्याय निवडलेला हवा. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू झाला की मागून अपडेट चालू असतात, ते थांबेपर्यंत चहा घ्या. तुमचं एडिटिंग सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकाच आवृत्तीचं टाका.

मग एक्स्पोर्ट लावा आणि मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करा. प्रीमियर हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक्स्पोर्टच्या खिडकीत परफॉर्मन्स नावाची ओळ असते. तिथे हार्डवेअर एन्कोडिंग आणि सॉफ्टवेअर एन्कोडिंग असे दोन पर्याय दिसतात. एका लॅपटॉपवर एक आणि दुसऱ्यावर दुसरा असेल तर सगळी तुलना वाया जाईल. दोन्ही पर्याय दोन्ही लॅपटॉपवर मोजा. हार्डवेअरच्या पर्यायात फाइल बांधण्याचं काम प्रोसेसरच्या कोरऐवजी चिपमधला वेगळा व्हिडिओचा भाग करतो. तो या दोन्ही प्रोसेसरमध्ये एकाच पिढीचा आहे, म्हणून इथे फरक कमी दिसेल. त्यावरून दोघे सारखेच, असा निष्कर्ष काढू नका. कलर, स्लो मोशन, नॉइज काढणं हे चढवलं की कोरचं काम वाढतं.

सगळ्यात महत्त्वाचं, एकदा मोजून थांबू नका. पहिलं एक्स्पोर्ट संपलं की लगेच, चिप तापलेली असतानाच, तेच पुन्हा लावा. मग तिसऱ्यांदा. पहिल्या वेळेचा आकडा मोटारसायकलचा, तिसरा ट्रॉलीचा. निवड करताना मी फक्त तिसरा बघते. पंख्याचा आवाजही ऐका आणि की-बोर्डच्या वर हात ठेवून बघा, कारण रात्री त्याच्याजवळ तुम्हाला बसायचंय.

आकडे आले की एक घोळ होतो. समजा आय ७ ला बारा मिनिटं लागली आणि आय ५ ला आठ. दुकानदार म्हणेल, तेहतीस टक्केच तर फरक आहे. भाचा म्हणेल, पन्नास टक्के वेगवान आहे. दोघांचंही बरोबर! बारातली चार मिनिटं वाचली म्हणजे वेळ तेहतीस टक्के कमी झाला. आणि बारा मिनिटांत एकाची एक फिल्म होते तेव्हा दुसऱ्याची दीड होते, म्हणून वेग पन्नास टक्के जास्त. टक्क्यांच्या नादी न लागता सरळ मिनिटं लिहा, टीझरच्या मिनिटांवरून अख्ख्या फिल्मचा अंदाज काढा आणि एका सीझनमधल्या लग्नांनी गुणा. किती रात्री वाचतात ते कळेल, आणि तीन हजारांचं मोल त्यावरून ठरवता येईल.

रॅमबद्दल तुम्ही फक्त १६ जीबी लिहिलंय. ती १६ ची एक पट्टी आहे की ८ च्या दोन? हे विचाराच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्राचं सगळं काम प्रोसेसरमधलं ग्राफिक्स करतं, आणि ते रॅमच्या वाटेवरच जगतं. एक पट्टी म्हणजे एकपदरी रस्ता. या दोन्ही प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आयरिस एक्सई नावाचं आहे, पण रॅम एकपदरी असेल तर विंडोजमध्ये तेच नुसतं यूएचडी म्हणून दिसतं. टास्क मॅनेजर उघडून ग्राफिक्सचं नाव वाचलंत तरी कळेल. आय ५ वाल्यात एकच पट्टी निघाली तर जे तीन हजार वाचणार आहेत ते दुसऱ्या पट्टीसाठी ठेवा. मात्र त्याला रिकामी खाच आहे ना, ते आधी बघून घ्या. हे दोन्ही प्रोसेसर बोर्डावर पक्के बसवलेले असतात, नंतर बदलता येत नाहीत. रॅम आणि एसएसडी पुष्कळ लॅपटॉपमध्ये वाढवता येतात. म्हणून जे बदलणार नाही त्यावर आज पैसे घालायचे.

दुकानदार कदाचित तिसरं काही दाखवेल. एएमडी रायझन असेल तर तिथेही मोठ्या आकड्याला भुलू नका. रायझन ५ ७५२०यू हे नाव रायझन ५ ५५००यू पेक्षा नवं आणि मोठं वाटतं. पण ७५२०यू मध्ये ४ कोर आहेत आणि ५५००यू मध्ये ६, आणि दोघांचीही घडण झेन २ या एकाच जुन्या आराखड्याची. ७००० मालिकेतल्या अशा नावांत तिसरा अंक आराखडा सांगतो : ७५२० मधला २ म्हणजे झेन २, ७५३० मधला ३ म्हणजे झेन ३. इंटेलने २०२३ च्या अखेरीस नव्या प्रोसेसरच्या नावातून 'आय' काढून टाकला आणि कोर अल्ट्रा अशी नावं आणली. तिथेही शेवटी यू आहे की एच, हे पहिल्यांदा वाचा.

आता तुमच्या ह्यांचं म्हणणं. एकदाच घ्यायचा तर मोठा घेऊ, हा विचार चुकीचा नाही. यातला मोठा कोणता एवढंच त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांना दुकानात सोबत न्या आणि स्टॉपवॉच त्यांच्या हातात द्या. एक गोष्ट मात्र त्यांच्याशी आधी बोला. लॅपटॉप मंगल कार्यालयात नेऊन, हळदीचे क्लिप तिथल्या तिथे कापून, संध्याकाळच्या रिसेप्शनला पडद्यावर दाखवायचा तुमचा बेत असेल आणि तिथे प्लगची खात्री नसेल, तर यू प्रोसेसरचं पारडं जड होतं. एच प्रोसेसर जोरात काम करताना बॅटरी भराभर पितो, आणि चार्जर काढला की बरेच लॅपटॉप त्याला आवळूनही ठेवतात. हे तपासणंही सोपं आहे : चौथं एक्स्पोर्ट चार्जर काढून लावा, किती मिनिटं लागली आणि बॅटरी किती टक्के उतरली ते बघा. तुमच्या पत्रावरून काम घरीच, टेबलावर, रात्रीचं दिसतंय. म्हणून मी एच म्हणते. निम्मं काम कार्यालयात होत असेल तर मला पुन्हा लिहा, मी नव्याने विचार करीन.

दुकानदार तासभर बसू देणार नाही असं वाटत असेल तर गर्दी नसलेल्या दुपारी जा आणि आधी फोन करून सांगा की घ्यायचा नक्की आहे, दोघांतला कोणता एवढंच ठरवायचंय. डेमोसाठी उघडलेला लॅपटॉप त्याच मॉडेलचा आहे ना, हे खालच्या लेबलवर वाचून खात्री करा. तिन्ही वेळांचे आकडे वहीत लिहून आणा आणि मला कळवा. सोबत रॅमच्या पट्ट्या एक होत्या की दोन, तेही लिहा.